जीवाणुनाशक प्रकाशसंवेदक

जीवाणुनाशक प्रकाशसंवेदक म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडल्यावर क्रियाशील होऊन जीवाणूंचा नाश करणारी रासायनिक संयुगे होत. अंधारात ही संयुगे बहुतांशी निष्क्रिय असतात. प्रकाश शोषून घेतल्यावर ती ही ऊर्जा आसपासच्या ऑक्सिजनला देतात. त्यातून तयार होणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे जीवाणूचे पेशीपटल, प्रथिने आणि डीएनए यांची एकाच वेळी हानी करतात. या तत्त्वावर आधारलेल्या उपचारपद्धतीस जीवाणुरोधी प्रकाशगतिक उपचार असे म्हणतात. प्रकाशसंवेदक, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तीन घटक एकाच जागी व एकाच वेळी उपस्थित असणे या पद्धतीत आवश्यक असते.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंवर ही संयुगे परिणामकारक ठरत असल्याने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांच्या रचनेवर मोठ्या प्रमाणावर संशोधन होत आहे. सध्या त्यांचा वापर प्रामुख्याने त्वचा, तोंड, नाक, डोळा यांसारख्या प्रकाश पोहोचू शकणाऱ्या भागांतील संसर्ग आणि रक्तघटकांचे व पृष्ठभागांचे निर्जंतुकीकरण यांपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावला. पेनिसिलिनचे विघटन करणारे विकर काही जीवाणूंमध्ये असते, हे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्ये, म्हणजे हे औषध सर्रास वापरात येण्यापूर्वीच, दाखवून दिले. मेथिसिलिन हे औषध १९५९ मध्ये उपलब्ध झाले आणि १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचे मेथिसिलिनरोधी वाण नोंदवले गेले. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट जीवाणूंच्या प्रतिजैविकरोधामुळे झाले, तर सुमारे ४९.५ लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता.

बहुतेक प्रतिजैविके जीवाणूतील एखाद्या विशिष्ट लक्ष्यावर काम करतात. पेनिसिलिन पेशीभित्ती बांधणाऱ्या विकरांना अडवते, टेट्रासायक्लिन रायबोसोमला चिकटते, तर सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ नियंत्रित करणाऱ्या विकरांना निकामी करते. लक्ष्य एकच असल्यामुळे ते लक्ष्य बदलणे, औषधाचे विघटन करणे, औषध आत येऊ न देणे किंवा आत आलेले औषध पंपाद्वारे बाहेर टाकणे यांपैकी एखादा बदलही जीवाणूला तारू शकतो. प्रकाशसंवेदकांपासून निर्माण होणारा ऑक्सिजन असे लक्ष्य निवडत नाही. तो हाताशी येईल त्या रेणूवर आघात करतो. या पद्धतीची उपयुक्तता आणि तिच्या मर्यादा ही दोन्ही याच गुणधर्मातून उद्भवतात: जीवाणूला बचावाचा सोपा मार्ग राहत नाही, परंतु जीवाणू व माणसाची पेशी यांतील भेदही हा ऑक्सिजन स्वतः ओळखत नाही. हा भेद संयुगाच्या रचनेतून आणि प्रकाशाच्या नियंत्रणातून साधावा लागतो.

इतिहास

म्युनिक येथे हेर्मान फोन टापायनर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणारा वैद्यकशाखेचा विद्यार्थी ऑस्कर राब पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर ॲक्रिडिन रंगद्रव्याचा परिणाम तपासत होता. तेच द्रावण कधी जीवांना चटकन मारते आणि कधी मारत नाही, असे त्याला आढळले. हा फरक उजेडामुळे पडतो, हे त्याने दाखवले व १९०० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फोन टापायनर आणि त्यांचे सहकारी योडलबाउअर यांनी पुढे या क्रियेसाठी ऑक्सिजन लागतो हे सिद्ध केले आणि तिला ‘प्रकाशगतिक क्रिया’ हे नाव दिले.

याच सुमारास डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन हे कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार करीत होते. या कार्यासाठी त्यांना १९०३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फिन्सेन बाहेरून कोणतेही रंगद्रव्य देत नसत. जीवाणूंमध्ये मुळातच असलेल्या पॉर्फिरिन या संयुगांनी तो प्रकाश शोषला असावा, असे स्पष्टीकरण नंतरच्या संशोधकांनी मांडले आहे.

क्रियेमागील कारक ऑक्सिजनचे एक उत्तेजित रूप असावे, अशी कल्पना हान्स काउट्स्की यांनी १९३१ मध्ये मांडली. तिला रासायनिक पुष्टी १९६० च्या दशकात मिळाली. तोपर्यंत प्रतिजैविकांचे युग सुरू झाले होते आणि संसर्गावरील प्रकाशोपचार मागे पडला होता. प्रकाशगतिक संशोधनाचा ओघ कर्करोगाकडे वळला. फोटोफ्रिन या औषधाला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

१९९० च्या दशकात प्रतिजैविकरोधाचा प्रश्न तीव्र झाल्यावर जीवाणूंकडे पुन्हा लक्ष गेले. लंडनच्या ईस्टमन दंतसंस्थेत तोंडातील जीवाणूंवर प्रयोग झाले. इटली व इंग्लंडमधील गटांनी १९९६ मध्ये धनभारित पॉर्फिरिन आणि थॅलोसायनिन संयुगे ग्रॅम-ऋण जीवाणूंनाही मारू शकतात हे दाखवले. त्यामुळे उपलब्ध रंगद्रव्ये आजमावून पाहण्याऐवजी जीवाणूची रचना ध्यानात घेऊन संयुगे घडवण्यास सुरुवात झाली.

कार्यपद्धती

प्रकाशसंवेदकाचा रेणू प्रकाश शोषतो तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉन उच्च ऊर्जेच्या एकक अवस्थेत जातो. ही अवस्था साधारणतः काही नॅनोसेकंदच टिकते. त्या अवधीत काही रेणू इलेक्ट्रॉनचे आभ्राम बदलून त्रिक अवस्थेत जातात. ही अवस्था मायक्रोसेकंद किंवा त्याहून अधिक काळ टिकत असल्याने शेजारच्या रेणूंशी अभिक्रिया होण्यास वेळ मिळतो. पुढील क्रिया दोन प्रकारे घडते.

पहिल्या प्रकारात इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन अणूची देवाणघेवाण होऊन सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात. दुसऱ्या प्रकारात संवेदक आपली ऊर्जा थेट ऑक्सिजनला देतो. नेहमीचा ऑक्सिजन हा त्रिक अवस्थेत असलेला अपवादात्मक रेणू आहे. ऊर्जा मिळाल्यावर तो एकक ऑक्सिजनमध्ये रूपांतरित होतो. या दोन अवस्थांमधील ऊर्जेचा फरक दर मोलला सुमारे ९४ किलोज्यूल आहे. एकक ऑक्सिजन मूळ स्थितीत परतताना १२७० नॅनोमीटर तरंगलांबीचा अत्यंत मंद प्रकाश सोडतो. त्यावरून त्याचे अस्तित्व प्रयोगशाळेत मोजता येते. ऊर्जा दिल्यानंतर संवेदक पुन्हा मूळ अवस्थेत येतो, त्यामुळे तोच रेणू अनेक वेळा एकक ऑक्सिजन निर्माण करू शकतो.

पाण्यात एकक ऑक्सिजन सुमारे साडेतीन मायक्रोसेकंद टिकतो. पेशीतील प्रथिने व मेदाम्ले त्याला लगेच गाठत असल्यामुळे तेथे त्याचे आयुष्य आणखी कमी होते आणि त्याचा पल्ला काही दहा ते सुमारे दोनशे नॅनोमीटर एवढाच उरतो. एश्चेरिकिया कोलाय हा जीवाणू सुमारे दोन मायक्रोमीटर, म्हणजे दोन हजार नॅनोमीटर लांब असतो. त्यामुळे जीवाणूपासून दूर तरंगणाऱ्या संवेदकाचा फारसा उपयोग होत नाही. संवेदक जीवाणूला चिकटलेला किंवा त्याच्या आत शिरलेला असावा लागतो. संयुगाच्या रचनेतील बहुतेक प्रयत्न ही अट पूर्ण करण्यासाठी असतात.

रचनेची तत्त्वे

विद्युतभार

जीवाणूंच्या पृष्ठभागावर माणसाच्या पेशींपेक्षा अधिक ऋणभार असतो. ग्रॅम-धन जीवाणूंची पेशीभित्ती जाड असली तरी सच्छिद्र असते. तिच्यातून मध्यम आकाराचे रेणू आत जाऊ शकतात, म्हणून हे जीवाणू ऋणभारित किंवा उदासीन संवेदकांनीही मरतात. ग्रॅम-ऋण जीवाणूंभोवती मात्र एक अतिरिक्त बाह्यपटल असते. त्यावरील लिपोपॉलिसॅकराइडचे ऋणभारित रेणू मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या आयनांनी परस्परांना घट्ट बांधलेले असतात. धनभारित संवेदक या आयनांची जागा घेतो, त्यामुळे पटल सैल होते आणि संवेदकाला आत वाट मिळते. म्हणून आधुनिक संवेदकांवर चतुर्थक अमोनियम किंवा पिरिडिनियम यांसारखे धनभारित गट जोडले जातात. संवेदकाला पॉलिलायसिनची साखळी किंवा जीवाणुरोधी पेप्टाइड जोडणे हाही त्याच उद्देशाचा मार्ग आहे.

धनभारामुळे निवडकताही काही प्रमाणात साधते. धनभारित संवेदक जीवाणूंना काही मिनिटांतच चिकटतात, तर माणसाच्या पेशी ते सावकाश आत घेतात. द्रावण लावल्यानंतर थोड्याच वेळात प्रकाश दिल्यास जीवाणू मरतात आणि ऊतींची हानी मर्यादित राहते.

तरंगलांबी

निळा प्रकाश ऊतींमध्ये जेमतेम एक मिलिमीटर शिरतो, कारण हिमोग्लोबिन व मेलॅनिन तो शोषून घेतात. तांबडा प्रकाश काही मिलिमीटर खोल जातो. उपचारासाठी सुमारे ६५० ते ८५० नॅनोमीटर हा पट्टा सर्वांत सोयीचा मानला जातो. त्यापुढे फोटॉनची ऊर्जा एकक ऑक्सिजन तयार करण्यास अपुरी पडू लागते. उथळ संसर्गासाठी किंवा निर्जीव पृष्ठभागांसाठी निळ्या प्रकाशाचे संवेदकही पुरेसे ठरतात.

त्रिक अवस्थेचे प्रमाण

शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे एकक ऑक्सिजनचे किती रेणू तयार होतात, या गुणोत्तरास क्वांटम उत्पादकता म्हणतात. रेणूमध्ये ब्रोमीन किंवा आयोडीन यांसारखे जड अणू घातल्यास त्रिक अवस्थेत जाणाऱ्या रेणूंचे प्रमाण वाढते. फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य मुख्यतः प्रकाश परत सोडते. त्याच सांगाड्यावर आयोडीनचे चार व क्लोरीनचे चार अणू बसवले की रोझ बेंगॉल तयार होते, आणि त्याची क्वांटम उत्पादकता सुमारे ०.७५ असते. मेथिलीन ब्लूसाठी हे मूल्य सुमारे ०.५ आहे.

इतर निकष

संवेदक अंधारात विषारी नसावा, पाण्यात त्याचे गोळे बनू नयेत आणि उपचाराच्या काळात प्रकाशानेच तो विरंजित होऊ नये. रेणूचा एक भाग जलस्नेही व दुसरा मेदस्नेही असल्यास तो पाण्यात विरघळतो आणि पेशीपटलातही रुततो. या दोन्हींचा समतोल ढळल्यास तो मानवी पेशींनाही अधिक चिकटू लागतो.

प्रमुख गट

फिनोथायाझिनियम रंगद्रव्ये: मेथिलीन ब्लू व टोलुइडिन ब्लू ही या गटातील प्रमुख संयुगे आहेत. मेथिलीन ब्लू प्रथम १८७६ मध्ये हाइनरिख कारो यांनी कापड रंगवण्यासाठी तयार केले. ते धनभारित असून सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषते. वैद्यकातील दीर्घ अनुभवामुळे प्रत्यक्ष उपचारांत त्याचा वापर सर्वाधिक होतो.

पॉर्फिरिन, क्लोरिन व थॅलोसायनिन: ही मोठ्या वलयाकार रचनेची संयुगे आहेत. चार पिरिडिनियम गट असलेले पॉर्फिरिन हे धनभारित संवेदकाचे अभ्यासातील नेहमीचे उदाहरण आहे. क्लोरिन व थॅलोसायनिन तांबडा प्रकाश अधिक चांगला शोषतात.

झँथीन रंगद्रव्ये: इओसिन व रोझ बेंगॉल यांचा समावेश या गटात होतो. ऋणभारामुळे ती ग्रॅम-धन जीवाणूंवर अधिक परिणामकारक ठरतात.

फिनॅलिनोन: जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे या सांगाड्यावर आधारित धनभारित संवेदक विकसित झाले. त्यांची क्वांटम उत्पादकता जवळजवळ एक असते.

कुर्क्युमिन: हळदीतील हे पिवळे द्रव्य सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते. दंतोपचार व खाद्यपदार्थांचे निर्जंतुकीकरण यांसाठी त्याचा अभ्यास झाला आहे. पाण्यात जवळजवळ न विरघळणे आणि चटकन विघटित होणे हे त्याचे दोष आहेत.

सोरालेन: ही संयुगे निराळ्या रीतीने काम करतात. अतिनील प्रकाशात ती डीएनएच्या दोन धाग्यांना परस्परांशी जोडतात व त्यासाठी ऑक्सिजन लागत नाही. बावची या वनस्पतीच्या बियांत सोरालेन असते. आयुर्वेदात कोडावर बावची लावून ऊन घेण्याचा उपचार प्रचलित आहे.

प्रतिरोध निर्माण होण्याची शक्यता

अर्धवट मारलेल्या जीवाणूंची पुन्हा वाढ करून त्यांच्यावर दहा ते वीस वेळा तोच उपचार करण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी केले. त्यांपैकी बहुतेकांत जीवाणूंची संवेदनशीलता कायम राहिली. सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड निष्प्रभ करणारी विकरे जीवाणूंकडे असतात, परंतु एकक ऑक्सिजनला निष्प्रभ करण्यासाठी तशी खास विकरे त्यांच्याकडे आढळत नाहीत. शिवाय हल्ला पेशीबाहेरून होत असल्यास जीवाणूतील विकरे हस्तक्षेप करण्यापूर्वीच पटल फाटते.

असे असले तरी प्रतिरोध अशक्य आहे असे म्हणता येत नाही. औषधे बाहेर टाकणारे काही पंप मेथिलीन ब्लूसारखे फिनोथायाझिनियम संवेदकही बाहेर टाकतात. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या सोनेरी रंगास कारणीभूत असलेले कॅरोटिनॉइड द्रव्य एकक ऑक्सिजन शोषून घेते. अपुऱ्या मात्रेचा उपचार वारंवार दिल्यास याच जीवाणूची सहनशीलता वाढल्याचेही दिसून आले आहे. त्यामुळे मात्रा पुरेशी असणे प्रतिजैविकांइतकेच येथेही महत्त्वाचे ठरते.

परिणामकारकतेचे मोजमाप

मारलेल्या जीवाणूंचे प्रमाण दहाच्या घातांकात मांडतात. तीन घातांकांची घट म्हणजे ९९.९ टक्के आणि पाच घातांकांची घट म्हणजे ९९.९९९ टक्के जीवाणूंचा नाश. तीन घातांकांहून कमी घट झाल्यास संयुगास सहसा जीवाणुनाशक म्हटले जात नाही. दहा लाख जीवाणूंपैकी ९० टक्के मेले तरी एक लाख शिल्लक राहतात आणि अनुकूल स्थितीत काही तासांत मूळ संख्या गाठतात, हे त्यामागील कारण आहे. प्रयोगात संवेदक व प्रकाश यांच्या एकत्रित परिणामाची तुलना फक्त संवेदक, फक्त प्रकाश आणि दोन्ही नसलेला नमुना या तिन्हींशी करावी लागते. अन्यथा संयुगाचा अंधारातील विषारीपणा किंवा दिव्याची उष्णता यांचे श्रेय चुकून प्रकाशगतिक क्रियेला जाऊ शकते.

उपयोग

दंतवैद्यकात हिरड्यांच्या आजारांत आणि दातांच्या मुळांतील पोकळी साफ करताना मेथिलीन ब्लू किंवा टोलुइडिन ब्लू व तांबडा प्रकाश यांचा पूरक वापर केला जातो. मुरुमांशी निगडित क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जीवाणू स्वतःच पॉर्फिरिन तयार करतो. त्यामुळे त्याच्यावर बाहेरून संवेदक न लावताही सुमारे ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाचा परिणाम होतो.

कॅनडातील व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णांच्या नाकपुड्यांत मेथिलीन ब्लू लावून तांबडा प्रकाश देण्याचा आणि अंग क्लोरहेक्झिडिनने पुसण्याचा उपक्रम राबवण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन हजारांहून अधिक रुग्णांमध्ये जखमेतील संसर्गाचे प्रमाण १.६ टक्के होते, तर आधीच्या चार वर्षांत ते २.७ टक्के होते. दोन उपाय एकत्र योजलेले असल्याने आणि तुलना पूर्वीच्या काळातील रुग्णांशी असल्याने यातील केवळ प्रकाशोपचाराचा वाटा वेगळा काढता येत नाही.

बुबुळाच्या हट्टी संसर्गावर रोझ बेंगॉल व हिरवा प्रकाश यांचा वापर अमेरिकेतील मायामी येथे सुरू झाला. रक्तद्रवाचे निर्जंतुकीकरण करण्यासाठी मेथिलीन ब्लू, तर बिंबिकांसाठी सोरालेनवर्गीय अमोटोसालेन किंवा रायबोफ्लेविन वापरले जाते. भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात पॉलिलायसिन जोडलेल्या क्लोरिन संवेदकाचे प्रयोग उंदरांच्या संसर्गित जखमांवर झाले आहेत.

मर्यादा

प्रकाश पोहोचत नाही तेथे ही संयुगे निरुपयोगी ठरतात. रक्तात पसरलेल्या किंवा खोल अवयवांतील संसर्गावर त्यांचा प्रतिजैविकांसारखा वापर करता येत नाही. जखमेतील पू, रक्तद्रव व प्रथिने संवेदक बांधून ठेवतात, त्यामुळे परीक्षानळीत यशस्वी ठरलेली मात्रा रुग्णात अपुरी पडू शकते. बायोफिल्म या चिकट थरात दडलेल्या जीवाणूंपर्यंत संवेदक कमी पोहोचतो आणि तेथे ऑक्सिजनही कमी असतो. पोटॅशियम आयोडाइड मिसळल्यास क्रियाशील आयोडीन तयार होऊन परिणाम पुष्कळ वाढतो, असे प्रयोगांत आढळले आहे. दिवा बंद केल्यावर क्रियाही थांबते, त्यामुळे वाचलेले जीवाणू पुन्हा वाढू शकतात. अतिमात्रा झाल्यास निरोगी ऊतींची हानी होते आणि त्वचेवरील निरुपद्रवी जीवाणूही मरतात.

प्रकाशाने चालणारी इतर संयुगे

ऑक्सिजनवर अवलंबून नसलेले मार्गही शोधले जात आहेत. नेदरलँड्समधील बेन फेरिंगा यांच्या गटाने २०१३ मध्ये क्विनोलोन प्रतिजैविकाला ॲझोबेंझीनचा प्रकाशाने वाकणारा सांधा जोडला. हे औषध प्रकाशाने चालू होते आणि काही तासांत आपोआप निष्क्रिय होते. शरीराबाहेर पडलेले औषध सांडपाण्यात क्रियाशील राहून जीवाणूंमध्ये प्रतिरोध वाढवते, ही अडचण टाळणे हा त्यामागील विचार होता.

अमेरिकेतील राइस विद्यापीठातील जेम्स टूर यांच्या गटाने २०२२ मध्ये ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने फिरणाऱ्या रेणूयंत्रांचे प्रयोग प्रसिद्ध केले. हे रेणू सेकंदाला लाखो वेळा फिरून जीवाणूचे पटल यांत्रिकरीत्या भेदतात, असे या गटाचे म्हणणे आहे. भाजलेल्या जखमेचा संसर्ग झालेल्या मेणपतंगाच्या अळ्यांमध्ये या उपचाराने मृत्यूचे प्रमाण घटले.

हे सुद्धा पहा

प्रतिजैविक
प्रतिजैविकरोध
मेथिलीन ब्लू
पॉर्फिरिन
ग्रॅम रंजन